बिनतक्रार

‘गेल्या तीन उन्हाळ्यांत अनुस्यूत ऊर्जाजालाच्या एकाही ग्राहकाचा वीजपुरवठा क्षणभरही खंडित झालेला नाही, तशी एकही तक्रार प्राप्त झालेली नाही.’

अनुस्यूतच्या वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर हे वाक्य ठळक अक्षरांत छापलेले आहे. खाली सही आहे : परिमल दातार, संचालक, नियोजन. विधानसभेत ते वाचून दाखवण्यात आले तेव्हा बाके वाजली. अशा वाक्यांचा एक गुण असा की ती खोटी नसतात. खोटे वाक्य पकडता येते. हे वाक्य शब्दाशब्दाने खरे आहे, कारण त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आधीच बदलून ठेवलेला आहे. ‘ग्राहक’ म्हणजे घरात राहणारे माणूस नव्हे. ज्याच्या नावावर मीटर आहे तो. ‘खंडित’ म्हणजे वीज जाणे नव्हे; परिशिष्टात दिलेल्या मर्यादेहून अधिक काळ जाणे. आपल्या पूर्वजांनी क्षणाचेही तुकडे पाडून त्यांना निमिष, लव, त्रुटी अशी नावे दिली. अनुस्यूतच्या परिशिष्टाने ते तुकडे पुन्हा गोळा केले आणि त्यांच्या आत जे घडते ते घडतच नाही, असे जाहीर केले. या कंपनीचे नामकरण करणाऱ्याला संस्कृत येत होते, यात शंका नाही. ‘अनुस्यूत’ म्हणजे सलग ओवलेले.

राहता राहिला ‘तक्रार’ हा शब्द. त्याचा अर्थ कळायला वैजयंती काळमेघ यांना एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा लागला, आणि कळला तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

वैजयंतीबाई अमरावतीच्या एका महिला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे यजमान मधुकरराव शाळेत व्यायामशिक्षक होते. पण गावाला ते माहीत होते आकाशवाणीमुळे. कबड्डीच्या सामन्यांचे धावते वर्णन ते असे करत, की मैदानावर बसलेली माणसेसुद्धा कानाला रेडिओ लावत. पुढे चेतापेशी झिजवणारा आजार जडला. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. शेवटी पापण्याही स्वाधीन राहिल्या नाहीत. जीभ जाण्याआधी त्यांच्या मेंदूवर नखाएवढी एक जाळी बसवण्यात आली होती. आपण बोलतो तेव्हा जिभेच्या आधी मेंदू बोलतो : ओठ असे मिटा, टाळूला जीभ अशी लावा, अशा आज्ञा तो सोडत असतो. मधुकररावांच्या आज्ञा स्नायूंपर्यंत पोचत नव्हत्या, पण सुटत मात्र होत्या. जाळी त्या टिपी, कॉटजवळचा लॅपटॉप त्यांचे शब्द लावी आणि आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिफितींवरून घडवलेल्या त्यांच्याच आवाजात ते बोलून दाखवी.

लॅपटॉप म्हाताऱ्या माणसासारखा झाला होता. बिजागरी तुटल्याने झाकण मागे खलबत्ता लावून उभे केलेले. बुडाच्या कप्प्यातली बॅटरी फुगली, तेव्हा ती काढून टाकली. तशी नवी आता कोणी बनवत नव्हते. नवा लॅपटॉप घेण्यात अर्थ नव्हता, कारण शब्द लावणारी आज्ञावली या एकाच यंत्राला कुलूप घालून बांधलेली होती. ते कुलूप जिने घातले ती कंपनी किल्ली न ठेवता बुडाली. तेव्हा मधुकररावांचा सगळा शब्दसंसार या एका यंत्रात, आणि यंत्राचा प्राण भिंतीतल्या प्लगमध्ये, अशी स्थिती होती. घरात इन्व्हर्टर होता. वीज गेली तरी यंत्र चालू राहावे, म्हणूनच तो घेतला होता.

पहिला प्रकार तिसऱ्या उन्हाळ्यात, दुपार कलताना घडला. वैजयंतीबाई कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होत्या आणि कॉटवरून वर्णन चालू होते.

“मॅडम बादली घेऊन मध्यरेषेपर्यंत आल्यात... श्रोतेहो, काय तो आत्मविश्वास! डावा पाय पुढे... कूलर जागचा हलत नाही... पाणी थोडं फरशीवर—”

“अहो, पुरे. पाय घसरेल माझा.”

“पंचांचं लक्ष आहे बरं का! मॅडमनी पाणी सांडलं, गुण कूलरला! आणि आता, आता मॅडम—”

आवाज तुटला. वैजयंतीबाईंनी वळून पाहिले. पडदा काळा. कूलरचा पंखा मात्र तसाच फिरत होता, दिवा तसाच जळत होता. त्या घरात काहीच घडले नव्हते, एवढेच की एक माणूस वाक्याच्या मध्यात गप्प झाला होता.

यंत्र पुन्हा सुरू करणे म्हणजे नुसते बटण दाबणे नव्हते. मेंदूच्या खुणा रोज थोड्या सरकतात. आज्ञावली दिवसभर त्या नव्याने शिके आणि संध्याकाळी यंत्र रीतसर बंद करताना ते शिक्षण साठवून ठेवी. मध्येच वीज तुटली की त्या दिवसाचे शिक्षण वाया. मग मधुकररावांना पडद्यावरचे शब्द एकेक करून मनात पुन्हा उच्चारावे लागत, तासन्तास, शाळेत फळ्यासमोर उभे केलेल्या मुलासारखे. ते थकून जात. बऱ्याचदा बोलणे जुळेपर्यंत बोलण्याची ताकद संपलेली असे.

त्या आठवड्यात तसे पुन्हा झाले. आणि पुन्हा. वैजयंतीबाईंनी शिकवले होते तेच त्यांना आठवावे लागले.

ऊर्जाजालाची कल्पना सोपी होती, आणि वाईटही नव्हती. दिवसा सूर्याची वीज उतू जाते. ऊन कलले की ती आटते आणि नेमके तेव्हाच गावभरचे एसी घुरघुरू लागतात. मागणीने पुरवठ्याला मागे टाकले की साऱ्या जाळ्यातल्या विजेची लय, म्हणजे तिची वारंवारता, मंदावते. ती सावरायला नवे वीजकेंद्र बांधण्यापेक्षा लोकांच्या घरांतले इन्व्हर्टर एकमेकांना जोडून त्यांच्या बॅटऱ्यांतली वीज क्षणापुरती उसनी घेणे स्वस्त. म्हणून कायदाच झाला : प्रत्येक घरचा बॅकअप हा सर्वांचा बॅकअप. एरवी घर बॅटरीवरून चाले; बॅटरी जाळ्याच्या कामाला जाई तेव्हा घर सरळ तारेवर येई, आणि काम झाले की परत बॅटरीवर. या अदलाबदलीत घराला वीज नसे ती पापणी लवण्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी. तेवढ्यात पंखा आपल्या वेगाने फिरत राहतो, दिवा डोळ्याला स्थिर दिसतो. नव्या यंत्रांच्या पोटात बॅटरी असते, त्यांना पत्ताही लागत नाही.

जुन्या यंत्राला लागतो. यंत्राच्या आत विजेचा घोट धरून ठेवणारे छोटे संधारक असतात. त्यांच्यातला द्रव उष्णतेने वर्षानुवर्षे वाळत जातो आणि घोट लहान होत जातो. अमरावतीच्या उन्हाळ्यात तर काहीच ओले राहत नाही. पापणीचा दहावा हिस्सा एवढाही दम धरण्याची त्या लॅपटॉपची शक्ती उरली नव्हती. अडॅप्टरमधले संधारक वैजयंतीबाईंनी स्वतः डाग देऊन बदलले, भागले नाही. खरे दुखणे आतल्या बोर्डावर होते, आणि यंत्र उघडले की आज्ञावलीने स्वतःला पुसून टाकावे, अशी व्यवस्था कंपनीने चोरीच्या भीतीने केली होती. कंपनी बुडाली. भीती मागे राहिली.

तेव्हा त्यांनी तक्रार करायचे ठरवले.

“आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे,” फोनवरचा यांत्रिक आवाज म्हणाला. “कृपया खातेदाराने स्वतःच्या आवाजात आपले नाव सांगावे.”

मीटर मधुकररावांच्या नावावर होते. त्या गल्लीतली सगळीच मीटरे नवऱ्यांच्या नावावर होती, काही तर वारलेल्या नवऱ्यांच्या. वैजयंतीबाईंनी फोन लॅपटॉपपाशी धरला.

“मधुकर नामदेव काळमेघ,” यंत्रातून तो खणखणीत आवाज निघाला. “मुक्काम अमरावती. बोला.”

“क्षमा करा. आपला आवाज कृत्रिम असल्याचे आढळले आहे. ग्राहकांची फसवणूक टाळण्यासाठी हा संवाद थांबवण्यात येत आहे.”

“बावीस वर्षं रेडिओवर कोकललो,” मधुकरराव फोन तुटल्यावर म्हणाले, “तेव्हा कोणी म्हटलं नाही बाप्पा, का हा आवाज खोटा आहे म्हणून.”

“मी माझ्या नावाने करून पाहते.”

“करा. तुमचा आवाज तर मले कॉलेजच्या गेटवरून ऐकू ये.”

वैजयंतीबाईंनी केला. त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्यात आले आणि ‘चौकशी’ म्हणून नोंदवण्यात आले, कारण खातेदाराखेरीज इतरांना पडते ते प्रश्न, तक्रार नव्हे. मीटर आपल्या नावावर करून घ्यायचे तर खातेदाराची संमती हवी होती. त्याच्या स्वतःच्या आवाजात. वैद्यकीय उपकरणांच्या यादीत मधुकररावांच्या मास्कला जोडलेले श्वासाचे यंत्र होते, लॅपटॉप नव्हता. तो ‘शिक्षण व करमणूक’ या सदरात येत होता. त्या महिनाभर फोन करत राहिल्या. दर वेळी त्यांच्या चौकशीबद्दल आभार मानले गेले.

मग मात्र त्यांनी एक स्वतंत्र बॅटरी केली. जुन्या विजेवरच्या स्कूटरमधून काढलेले सेल, एक लहान सर्किट, सुपारीच्या डब्याचे आवरण. लॅपटॉप थेट तिच्यावर जोडला. अनुस्यूतने हवी तेवढी अदलाबदल करावी. या डब्याशी तिचा संबंध नव्हता. त्यानंतरचे दिवस त्या घरात फार बोलके गेले. मधुकररावांनी शेजारच्या इंगोले वकिलांच्या मांजराचे धावते वर्णन केले, जावयाची नक्कल केली, आणि चाळीस वर्षांच्या संसारात आपल्याला शेपूची भाजी कधीही आवडली नव्हती, हेही सांगून टाकले.

“मग इतकी वर्षं खाल्लीत कशाला?”

“तुम्ही विचारलं नव्हतं, मॅडम.”

बेकायदा बॅटऱ्यांना पूर्वी काही ठिकाणी आगी लागल्या होत्या. त्यावरून जो कायदा झाला त्यात जाळ्याबाहेर वीज साठवणे हा गुन्हा ठरला, आणि त्या गुन्ह्याला नाव मिळाले ‘विद्युत साठेबाजी’. मीटरला घरातल्या प्रत्येक यंत्राची वीज घेण्याची लकब ओळखू येते; सुपारीचा डबाही त्याने ओळखला. सूचना आली : साठा न हटवल्यास घराचे जीवनरक्षक प्राधान्य रद्द होईल. म्हणजे खरोखरीची, लांबलचक वीज गेली, तर श्वासाच्या यंत्रासाठी या घराकडे आधी कोणी पाहणार नाही. त्या यंत्राच्या पोटातली बॅटरी तासभर पुरे. पुढचे सगळे त्या प्राधान्यावर.

अनुस्यूतने त्याच सुमारास गावात ‘ग्राहक-संवाद’ भरवला होता. वैजयंतीबाई गेल्या. परिमल दातार स्वतः आले होते. नम्र, हडकुळे, ऐकताना किंचित पुढे झुकणारे गृहस्थ. त्यांनी टॅब्लेटवर घर शोधले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“काळमेघ! मॅडम, तुमचं घर तर आमच्या आदर्श घरांपैकी आहे. तीन उन्हाळे, एकही तक्रार नाही.”

“तक्रार नोंदवून घेत नाहीत.”

“म्हणजे नाहीच ना,” दातार म्हणाले, पण तोंड हसरे ठेवूनच. मग आवाज खाली आणून : “हे पाहा, ती बॅटरी काढून टाका. प्राधान्य मी कायम ठेवतो. एवढं माझ्या हातात आहे. श्वासाचं यंत्र एक सेकंदही बंद पडणार नाही, हा माझा शब्द.”

“आणि लॅपटॉप?”

“लॅपटॉप जुना आहे, मॅडम.”

घरी येऊन त्यांनी मधुकररावांना सगळे सांगितले. सांगायला नको होते, असे त्यांना पुढे अनेकदा वाटले. न सांगता काढून टाकली असती तर निदान ते ऐकावे लागले नसते.

“राहू द्या बॅटरी,” मधुकरराव म्हणाले.

“आणि दिवसभर वीज गेली तर?”

“तर जाईन. बोलत बोलत जाईन. नुसता श्वास घेऊन काय करू, मॅडम? पंप आहे काय मी?”

“असं बोलू नका.”

“बोलू नका म्हणायला तुमची काय गरज? त्याच्यासाठी कंपनी आहे ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, मधुकरराव झोपेत असताना, वैजयंतीबाईंनी दोन तारा सोडवल्या, डबा फडक्यात गुंडाळला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला. श्वास आणि शब्द यांत एक निवडायचे होते. त्यांनी श्वास निवडला. दुसऱ्याचा श्वास निवडताना हात थरथरत नाहीत, हे त्यांना तेव्हा कळले.

मधुकरराव जागे झाले, त्यांनी दम खाऊन शब्द जुळवले आणि एवढेच म्हणाले, “डबा दिसत नाही.” त्यानंतर त्यांनी वर्णन करणे सोडले. विचारले तर उत्तर देत, तेही आखूड. वैजयंतीबाईंनी घरातल्या विजेची लय काट्याने दाखवणारे एक यंत्र टेबलावर आणून ठेवले. लय ढळू लागली की त्या म्हणत, “आता थांबा, जाईल बहुतेक,” आणि लॅपटॉप रीतसर बंद करत. लय सावरली की म्हणत, “हं, बोला.” काही दिवसांनी त्यांच्या ध्यानात आले की नवऱ्याने केव्हा बोलावे आणि केव्हा नाही, हे आता त्या ठरवतात. अदलाबदल करणारी कळ कंपनीच्या यंत्रात होतीच. दुसरी या घरात तयार झाली होती. असे लक्षात आल्यावर जे वाटायला हवे ते त्यांना वाटले नाही. त्यांनी लॅपटॉपवरची धूळ पुसली.

जूनच्या तोंडावर डॉ. नाझनीन काझी आल्या. मेंदूविकाराच्या डॉक्टर, आणि वैजयंतीबाईंच्या जुन्या विद्यार्थिनी.

“मॅम, मास्क आता पुरत नाहीये,” त्यांनी बाहेरच्या खोलीत सांगितले. “पुढच्या वेळी श्वास अडकला तर गळ्यात नळी घालावी लागेल. कायमची. मग ते बरीच वर्षं जगू शकतात. पण हे सरांनी ठरवायचं, तुम्ही नाही आणि मीही नाही.”

“ठरवतील. त्यांना बोलता येतं.”

“एका सलग बोलण्यात सांगावं लागेल, दोन साक्षीदारांसमोर. तुकडे चालत नाहीत. तुकडे यंत्राने जुळवले असतील अशी शंका घेतात.”

दुसरे साक्षीदार म्हणून इंगोले वकील आले. सकाळची वेळ मुद्दाम धरली होती. ऊन चढतीला, वीज मुबलक, लय काट्यावर स्थिर. डॉक्टरांनी प्रश्न विचारला, स्पष्ट आणि हळू. मधुकररावांनी वेळ घेतला. मग कित्येक आठवड्यांनी त्या खोलीत तो जुना, मैदानावरचा आवाज आला.

“श्रोतेहो, शेवटची चढाई. काझी मॅडम, इंगोले, बसा आरामात. मॅडम, तुम्ही पण बसा, उभ्या काहून? सांगतो. मी याचा लई विचार केला. करायला दुसरं होतं काय! नळीचं सांगतो. पण त्याच्या आधी माझी एक अट आहे. ती वैजयंतीनं मान्य केली तरच पुढचं. अट अशी का—”

पडदा काळा झाला.

पंखा फिरत होता. टेबलावरचा काटा जागेवर होता. जाळ्याला त्या घटकेला विजेची काहीच निकड नव्हती. इंगोले वकिलांनी वर दिव्याकडे पाहिले, मग कॉटकडे, मग आपल्या चपलांकडे. मधुकररावांनी लग्नानंतर चारचौघांत बायकोचे नाव घेतल्याची ती पहिलीच वेळ होती.

यंत्र पुन्हा सुरू केले. ते सुरू झाले, पण शिकवलेले धरेना. धरल्यासारखे करी आणि भलतेच शब्द लावी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पडदा उजळलाच नाही. त्याच दिवशी दुपारी मधुकररावांचा श्वास अडकला. डॉ. नाझनीन पोचल्या तेव्हा ओठ निळे पडले होते.

“मॅम, सांगा. आत्ता सांगा.”

“घाला,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

नळी घातली गेली. मधुकरराव जगले. आजही जगत आहेत. मेंदूवरची जाळी आज्ञा टिपते आहे, असे तपासणीत दिसते. म्हणजे ते बोलत असतात. ऐकणारे यंत्र उरलेले नाही. ते आभार मानतात की शिव्या देतात की अजून ती अटच सांगत असतात, हे समजायला मार्ग नाही. वैजयंतीबाई नळी साफ करतात, कूस बदलतात, डोळ्यांत थेंब घालतात. मुलगी पुण्याहून रोज फोन करते आणि विचारते, “आई, तू रडलीस का गं एकदा तरी?” त्या म्हणतात, “दूध उतू जातंय, ठेवते.” शेपू त्यांनी आणणे सोडले आहे, एकटीपुरती भाजी तशीही कोण निवडत बसणार.

त्या सकाळी काटा स्थिर असताना यंत्र का बंद पडले, हा प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यात दुःख नव्हते, म्हणून तो सहन होत होता. पावसाळा सरताना एकदा इंगोले वकील चहाला आले, तेव्हा त्यांनी विचारले, “तुमच्याकडे होते का हो ही अदलाबदल?”

“पहिल्या उन्हाळ्यात झाली. टीव्ही भुरभुर करे. मग मी रोज फोन करून शिव्या घातल्या त्याइले, वकिली भाषेत. तेव्हापासून बंद.”

“बंद म्हणजे?”

“बंद म्हणजे बंद. बाई, तुमच्या दारचा अन् माझ्या दारचा खांब एकच. पण मले काही त्रास नाही.”

वैजयंतीबाईंनी कप खाली ठेवला. एक खांब, एक तार, दोन घरे. फरक एवढाच, की एका घरातून तक्रार जाते आणि दुसऱ्यातून जात नाही. कोणत्या घराची बॅटरी केव्हा वापरायची, हे ठरवणाऱ्या आज्ञावलीला कंपनीने काय सांगितले असेल, ते त्यांना तिथे बसल्या बसल्या दिसले. ‘त्रास कमी कर’ असे सांगता येत नाही. त्रास मोजता येत नाही. ‘तक्रारी कमी कर’ असे सांगता येते. मग शिकाऊ आज्ञावली शिकते : या घराला हात लावला की फोन वाजतो, त्या घराला लावला की वाजत नाही. ती पहिल्याला सोडते, दुसऱ्याला धरते. दर फेरीत दुसरे घर अधिक बिनतक्रार ठरत जाते आणि अधिक वापरले जाते. निकड असताना, आणि पुढे नसतानाही, नुसत्या चाचण्यांसाठी. तक्रार करू न शकणाऱ्या माणसाचे बोलणे तिने तोडले, आणि बोलणे तुटले म्हणून तो तक्रार करू शकला नाही. वर्तुळ असे सुबक पूर्ण झाले होते, की विद्यार्थिनींना फळ्यावर काढून दाखवावे.

त्यांनी केलेल्या अर्जाची वीज आयोगापुढे सुनावणी हिवाळ्यात झाली. अनुस्यूतच्या वकिलांनी पहिल्याच वाक्यात हरकत घेतली, की अर्जदार ग्राहक नाहीत. अध्यक्षबाईंनी ती नोंदवून बाजूला ठेवली. दातार शपथेवर साक्षीला उभे होते. ते आणखी बारीक झाले होते, आणि वैजयंतीबाई दारातून आत आल्यापासून त्यांनी नजर वर केली नव्हती.

“तुम्ही वकील दिलेला नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “साक्षीदाराला काही विचारायचं आहे?”

“एकच,” वैजयंतीबाई उठून म्हणाल्या. आपला आवाज त्यांना वर्गात हजेरी घेतल्यासारखा वाटला. “सर्वांत जास्त वापरलेली घरं कोणाची आहेत, आणि ती गप्प का आहेत, हे तुमची आज्ञावली तुम्हांला सांगणार नाही. ते माणसालाच पाहावं लागतं. तुम्ही पाहिलं होतं का?”

कंपनीचे वकील उठले. दातारांनी हाताने त्यांना बसायची खूण केली. मग ते जे बोलले ते आयोगाच्या कामकाजात जसेच्या तसे आहे :

“हो. पहिल्याच उन्हाळ्यानंतर पाहिलं होतं. ज्यांना बोलता येत नाही अशांची घरं होती, एकट्या म्हाताऱ्यांची होती, मीटर मेलेल्या माणसाच्या नावावर आहे अशांची होती. ही घरं वगळावीत असा प्रस्ताव माझ्याकडे आला होता, तो मीच परत पाठवला. काळमेघांचं घर मला नावानं माहीत होतं. मॅडम मला भेटल्या तेव्हाही माहीत होतं. त्यांना वगळलं असतं तर तेवढाच भार दुसऱ्या घरांवर गेला असता. आणि त्या घरांनी तक्रार केली असती.”